बाजी आणि कॅप्टन शाल

झेरॉक्सवाल्या बाजी माणसाला चेहऱ्याने ओळखत नसत, मानेने ओळखत. दुकानात कुणी आलं की त्यांची नजर आधी त्याच्या गळ्यापाशी जायची. कॉलर कुठे टेकते, हनुवटीखाली सावली किती पडते, मान सरळ आहे की एका बाजूला कललेली, हे सगळं बघून झालं की मग त्या वर बघून हसायच्या. अकरावीच्या फॉर्मची झेरॉक्स काढायला मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी माझ्या गळ्याकडे इतका वेळ बघितलं की मी ओढणी सारखी केली. त्या म्हणाल्या, "घाबरू नको बेटा. कामाची सवय हाय. तुझी मान चांगली हाय, कुठंबी बसंल."

त्याचा अर्थ मला पुढे कळला. बाजी झेरॉक्स काढायच्या, फोटो काढून द्यायच्या, पण त्यांचं खरं काम फ्लेक्सचं होतं. आमच्या गावात, आणि बदनापूरपासून जालन्यापर्यंत सगळीकडेच, कुणाचा वाढदिवस आला की चौकात त्याचा फ्लेक्स लागतो. मधे उत्सवमूर्ती, मागे सिंह किंवा हेलिकॉप्टर, खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग. बाजी ते कॉम्प्युटरवर जुळवायच्या आणि जालन्याहून छापून आणायच्या. लोक लग्नातला, शेतातला, कधी आधार कार्डावरचा फोटो घेऊन यायचे आणि म्हणायचे, "बाजी, जरा नेत्यासारखं दिसू द्या." मग बाजी त्याचं मुंडकं कापायच्या आणि एका तयार अंगावर बसवायच्या. पांढरा कडक शर्ट, खिशाला पेन, उजवा हात लोकांना अभिवादन करताना वर उचललेला. कुण्या काळी कुठून तरी मिळालेला तो फोटो. ते अंग कुणाचं होतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये त्याचं नाव नुसतंच 'भाऊ' असं ठेवलेलं होतं.

"अंग एकच हाय बेटा," त्या सांगायच्या, "मुंडकी बदलत राह्यतेत. अन् गंमत बघ, आजपोतर एक बी जण येऊन म्हणला न्हाई, की बाजी, हे पोट माझं न्हाई."

बाजी म्हणजे उर्दूत थोरली बहीण. त्यांच्या घरची मंडळी म्हणायची, म्हणून सगळं गाव म्हणायला लागलं. वय पन्नाशीच्या पुढे, चष्म्याला एका बाजूने दोरा बांधलेला, बोटांना कायम काळी शाई. त्यांचे वडील जालन्यात पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरच्या खताच्या जाहिराती, टेम्पोच्या मागचे मोर असं सगळं हाताने करायचे. बाजी लहानपणी त्यांच्या शेजारी बसून ब्रश धुता धुता चित्र काढायला शिकल्या. पुढे फ्लेक्स आला आणि हातांच्या पाट्या गेल्या. बाजी त्यावर रडत बसल्या नाहीत, कॉम्प्युटर शिकल्या. पण हात गप्प बसायचा नाही. खराब झालेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर गिऱ्हाइकांची चित्रं काढत बसायच्या. समोरचा माणूस शुभेच्छुकांची नावं सांगत असायचा आणि बाजींच्या कागदावर त्याला शेपूट फुटत असायचं.

आता मोरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथेच घडलं. आमचं गाव रुळांनी दोन भागांत कापलेलं आहे. आमची वस्ती अलीकडे, बाजींचं दुकान, बाजार आणि जालन्याला जाणारा रस्ता पलीकडे. मधे रुळांखालून जाणारा रस्ता, त्याला आम्ही मोरी म्हणतो. पाऊस पडला की मोरीत पाणी साचतं आणि आठवडाभर हलत नाही. मोरी कुणाच्या अखत्यारीत येते, हे त्या वेळी विचारायला गेलं की हे ऑफिस म्हणायचं ती त्यांची, ते ऑफिस म्हणायचं ती ह्यांची. रूळ ओलांडायचं फाटक होतं, पण दीड-दोन तास चालत, ओसाड वाटेवर; तिथून एकट्या पोरीला कुणी पाठवत नव्हतं, आणि माझ्या कॉलेजचा रस्ता मोरीतूनच जायचा.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. बाबा जालन्यात सळयांच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांनी मला एफ.वाय.ला घातलं तेव्हा एकच अट घातली होती. "माय, रुळांवरून जायचं न्हाई. अन् छातीएवढ्या पाण्यातून बी जायचं न्हाई. पाणी लई दिवस राह्यलं तर ह्या साली राहू दे, पुढल्या साली बघू." बाबा रागाने बोलत नव्हते, काळजीने बोलत होते. पण आमच्या वस्तीत मुलींचं पुढलं साल कसं असतं, ते मी बघितलेलं होतं. वरच्या आळीतल्या माझ्या मैत्रिणीचं 'पुढलं साल' मांडवात गेलं होतं. त्यामुळे ढग आले की मी आधी मोरी बघून यायचे. बाजींना मी एकदा हे बोलून गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

त्या पावसाळ्यात, पाणी नुकतंच साचायला लागलं होतं तेव्हा, मोरीच्या तोंडाशी एक दूधवाले काका गाडीवरून घसरून पडले. फार लागलं नव्हतं. लोकांनी उठवलं, काकांनी हातपाय झटकले, सांडलेल्या दुधाकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात भावी भाऊ आले. त्यांचं नाव मी लिहीत नाही. गावात सगळे त्यांना भावी भाऊच म्हणतात, कारण त्यांच्या प्रत्येक फ्लेक्सवर 'भावी' असतं. त्यापुढचं पद दर वर्षी बदलतं. भाऊंच्या मागे मोबाईल धरलेली दोन पोरं. भाऊंनी उभ्या असलेल्या काकांकडे बघितलं, जरा खट्टू झाले आणि म्हणाले, "काका, एक मिन्ट परत खाली बसता का? उचलताना फोटोत यायला पाह्यजे."

आणि काका बसले. चिखलात. हे मी आणि बाजींनी दुकानाच्या पायरीवरून बघितलं. भाऊंनी त्यांना उचललं. पहिल्या वेळी पोराचं बोट मोबाईलच्या काचेवर आलं, म्हणून परत बसवून परत उचललं.

बाजी आत गेल्या आणि त्यांनी एक पाठकोरा कागद ओढला. दुसऱ्या दिवशी झेरॉक्स घ्यायला आलेल्या प्रत्येकाच्या हातात त्यांनी एक घडी घातलेला कागद दिला. "झेरॉक्स घे, वर हे बी घे." कागदाची घडी घालून केलेलं ते चार पानांचं कॉमिक होतं. वर ठसठशीत अक्षरात, वडिलांच्या पाटीसारख्या वळणात, लिहिलं होतं: 'कॅप्टन शाल'.

कॅप्टन शाल हा महाबलाढ्य नायक. अंग तेच, पांढरा शर्ट, खिशाला पेन, हात वर. पाठीवर मात्र सत्काराची शाल, आणि सगळी शक्ती त्या शालीत. कुणीतरी शाल पांघरल्याशिवाय त्याला उडता येत नसे, आणि उडाला तरी चौकातल्या फ्लेक्सच्या उंचीपेक्षा वर जात नसे. हातात नारळ. त्याचा साथीदार जेसीबी वीर. तो कुठेही जायचा तर जेसीबीच्या खोऱ्यात बसून जायचा आणि संकटग्रस्तांवर झेंडूची फुलं ओतायचा. आग लागली तरी फुलं, पूर आला तरी फुलं. तिसरी सेल्फीताई. तिचा हात हवा तितका लांब व्हायचा, अगदी नदीच्या पल्याड पोचेल इतका, पण त्या हाताने ती स्वतःचाच फोटो काढायची.

आणि मोरीच्या पाण्यात एक आजी. डोक्यावर गाठोडं, पाणी घोट्याएवढं. दर दोन-चार दिवसांनी नवा अंक निघायचा, आणि प्रत्येकात ती एकच वाक्य बोलायची: "बाबा, मला पलीकडं जायचंय." पहिल्या अंकात कॅप्टन शाल फडफडत येतो, पाण्याकडे बघतो आणि म्हणतो, "आजी, जरा खोल जा ना. घोट्याएवढ्या पाण्यातून वाचवलं तर बातमी होत न्हाई." आजी बिचारी सरकते. दुसऱ्या अंकात पाणी गुडघ्याला. आता जेसीबी वीर येतो. "आजी, त्याच्या हातून वाचू नका, तो त्या गटाचा हाय. आमच्या माणसांची वाट बघा. अन् तोवर थोडं पुढं सरका, उजेड बराबर न्हाई." तिसऱ्या अंकात पाणी कमरेला. सेल्फीताई आजीच्या गळ्यात हात टाकते, फोटो काढते, फिल्टर लावते आणि निघून जाते. आजी म्हणते, "बाबा, मला पलीकडं जायचंय."

मी हसत होते, पण आजीचं वाक्य आलं की माझं हसू थांबायचं. ते वाक्य कुणाचं आहे, हे मला कळत होतं.

कॉमिक गावभर झालं. कुणीतरी मोबाईलवर टाकलं आणि ते बदनापूर, टेंभुर्णी असं कुठे कुठे पोचलं. बाजी जरा धास्तावल्या. "आता येतेत बघ भांडायला," म्हणाल्या. त्यांनी दुकानातला काचेचा ग्लास सुद्धा आत उचलून ठेवला.

भावी भाऊ आले. मी तिथेच होते. भाऊ खुर्चीवर बसले, इकडे तिकडे बघितलं आणि हळू आवाजात, अगदी लाजत, म्हणाले, "बाजी, खरं सांगा. कॅप्टन शाल म्हंजे मीच ना?"

बाजींनी सावधपणे विचारलं, "कशावरून म्हणता भाऊ?"

"अहो, अंग आपलंच हाय की! शर्ट आपला, पेन आपला, हात वर करायची ढब आपली. मुंडकं जरा वेगळं काढलंय तुमी, पण अंगावरून माणूस वळखू येतो. पोरं म्हणली, भाऊ, तुमच्यावर पुस्तक निघालं."

भाऊ खूश होते. जाताना एवढंच म्हणाले, "ती म्हातारी मातर माझ्याच हातून काढा. लोक इचारून राह्यलेत, भाऊ, आजीला कधी वाचवता?"

संध्याकाळी दादा आले. हे भाऊंच्या विरोधी गटाचे नेते. ह्यांच्या वाढदिवसाला खरोखरच जेसीबीतून फुलं उधळतात, म्हणून मला वाटलं होतं ते जेसीबी वीरावरून चिडले असतील. पण ते म्हणाले, "बाजी, तो जेसीबीवाला ठीक हाय, आमचा एखादा कार्यकर्ता म्हणून चालंल. पण मेन हिरो मीच ना? अंग बघितल्या बघितल्या वळखलं मी."

ते गेल्यावर बाजींनी कॉमिकचा एक कागद उचलून उलटसुलट बघितला. मग म्हणाल्या, "मी थोबाडीत मारली गं. अन् ह्यांना वाटलं, गालावरून हात फिरवला." त्यांचा चेहरा पडला होता. मी म्हटलं, "बाजी, लोकांना तर कळलं ना." त्या म्हणाल्या, "लोकांना तर ते काका चिखलात बसले तवाच कळलं होतं."

इकडे खरी मोरी भरतच होती. चांगले दोन दिवस संततधार लागली आणि पाणी माझ्या कमरेच्या वर गेलं. सोमवारपासून माझी सहामाही होती. शुक्रवारी रात्री जेवताना बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "माय, राहू दे ह्या साली." बस, एवढंच. शनिवारी सकाळी मी बाजींना फोन करून सांगितलं आणि फोनवर रडले.

त्याच दिवशी भाऊ परत दुकानात आले होते, आजीचं काय झालं विचारायला. दादा पण नेमके तिथेच. ही हकीकत मला बाजींनी नंतर सांगितली. दोघांनी एकमेकांकडे न बघता एकच मागणी केली, आजी आपल्या हातून निघावी. बाजी म्हणाल्या, "आजी कागदावर हाय भाऊ, तिची काय घाई? खऱ्या मोरीतून एक पोरगी परीक्षेला जायची हाय. मोरीतलं पाणी काढा. जो काढील, त्याच्या हातून आजी निघंल. माझी जबान हाय."

दुपारपर्यंत मोरीच्या दोन्ही तोंडांना पाण्याचे पंप लागले. पलीकडे भाऊंचा, अलीकडे दादांचा. पंपापेक्षा फ्लेक्स मोठे. आमच्या बाजूने आम्ही सगळे बघायला उभे. बाबा पण होते, त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. पंप सुरू झाले, आणि पाण्याची जाड धार बाहेर पडली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या.

मग बाबा म्हणाले, "पाइप लई आखूड हाय की."

पाइप आखूड नव्हता, गुंडाळून ठेवलेला होता. लांब नेऊन नाल्यात सोडला असता तर पाण्याची धार, फ्लेक्स आणि नेता हे तिन्ही एका फोटोत बसले नसते. म्हणून दोघांनीही पाइपाचं तोंड आपापल्या फ्लेक्सच्या खालीच ठेवलं होतं. मोरीचा रस्ता दोन्हीकडून उताराचा. भाऊंनी उपसलेलं पाणी भाऊंच्या पायाखालून परत मोरीत येत होतं आणि दादांनी उपसलेलं दादांच्या. दोन तास हा कार्यक्रम चालला. दोघांनी भाषणं केली. कुणीतरी दोघांना शाली घातल्या. त्या शाली ओल्या होऊन पाठीला चिकटल्या तेव्हा पलीकडून बाजींचा हसण्याचा आवाज मला अलीकडे ऐकू आला. मला हसू येत नव्हतं. पाणी होतं तिथेच होतं.

बाजी फोनवर म्हणाल्या, "तुझ्या बाबांना दे." मग बाबांना म्हणाल्या, "भाईसाब, एक दिवस द्या मला. उद्याचा." बाबांनी मान हलवली, फोनवर दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही, मग घाईने म्हणाले, "व्हय व्हय बाजी."

बाजींच्या दुकानामागे जुन्या फ्लेक्सचा ढीग होता. वाढदिवस झाला की पोरं लाकडी चौकट परत आणून द्यायची, तिच्याबरोबर फ्लेक्स पण यायचा. फ्लेक्स कुजत नाही, भिजत नाही. लोक तो कडब्यावर टाकतात, गोठ्याला लावतात. रविवारी सकाळी बाजींनी तो सगळा ढीग हातगाडीवर घातला आणि लांबच्या फाटकावरून वळसा घालून आमच्या वस्तीत आणला. "दाभण अन् सुतळी घ्या," त्यांनी बायकांना सांगितलं. अंगणात बसून आम्ही सगळ्या फ्लेक्सची पोती शिवायला लागलो. बाबा आणि आळीतली माणसं त्यात मुरूम भरत होती. मुरूम भरला की भाऊंचे गाल फुगायचे. दादांच्या एका पोत्यात मुरूम जास्त झाला, तर त्यांची हनुवटी दुहेरी झाली. आमच्या शेजारच्या मावशी म्हणाल्या, "बया, हुबेहूब झाले की!"

ती पोती भिंतीच्या कडेने पाण्यात एकावर एक रचली. मोरीच्या ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत एक पायवाट तयार झाली, पाण्याच्या वितभर वर. बाबा प्रत्येक पोतं उपडं करून ठेवत होते. "माणसाच्या तोंडावर पाय देऊ ने," म्हणाले. पण पोत्याला दोन बाजू असतात, आणि फ्लेक्सवर मोकळी जागा म्हणून नव्हतीच. ज्या बाजूला नेता नव्हता, त्या बाजूला शुभेच्छुक होते. शेवटी बाबांनी नाद सोडला.

सोमवारी मी भिंतीला हात लावत लावत मोरी पार केली. चपला हातात घेतल्या होत्या. पहिलं पाऊल भाऊंच्या कपाळावर पडलं तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं, मी मनात माफी पण मागितली. तिसऱ्या पावलाला माफी मागायचं विसरले. पलीकडे बाजी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या मानेकडे बघितलं नाही, पायांकडे बघितलं. "जल्दी जा," म्हणाल्या, "रिक्षा थांबवून ठेवलीय."

मी पेपर लिहून परत येईपर्यंत मोरीतला फोटो सगळीकडे गेला होता. शाळेची पोरं, भाजीवाल्या, दूधवाले काका, सगळे भाऊ-दादांच्या तोंडावरून ये-जा करताहेत, आणि खाली पाण्यात ओळीने बुडालेले शुभेच्छुक. भाऊंची पोरं दुकानावर धावून आली. "बाजी, आमच्या नेत्याच्या तोंडावर पाय? उचला ती पोती!"

बाजी खुर्चीवरून उठल्या पण नाहीत. "उचलते की. पाणी काढा, लगेच उचलते. माझी काय हौस हाय का?"

आणि मग जे इतके पावसाळे झालं नव्हतं, ते एका दुपारी झालं. भाऊ आणि दादा दोघंही आले. फ्लेक्स नाही, मोबाईल नाही, शाल नाही. पाइप पूर्ण उलगडून लांबच्या नाल्यात सोडले. पाणी उतरायला लागलं तसं मोरीच्या तळाशी एक गटार दिसलं, जे तिथे आहे हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या तोंडात काहीतरी घट्ट बसलं होतं. दोघातिघांनी ओढून काढलं. चिखलाने माखलेला एक जुना फ्लेक्स होता. बाबांनी त्यावर पाणी मारलं. चेहरा खरवडून गेलेला. अंग शाबूत होतं. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हात वर.

गावाचं पाणी अडवून बसलेला माणूस कोण, हे सगळ्यांना जाणून घ्यायचं होतं. भाऊ लगेच म्हणाले, "हा दादांचा हाय. अंगावरून कळतंय." दादा म्हणाले, "माझा? माझं पोट असं हाय का? नीट बघा, हे पोट कुणाचं हाय!" बाजी मागे उभ्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी पोटाची तक्रार केली होती.

शब्द दिल्याप्रमाणे बाजींनी पोती उचलायला लावली. शेवटचा अंकही काढला. त्यात पाणी आजीच्या गळ्याशी आलंय आणि तिन्ही नायक पाण्यात उतरून भांडताहेत, आधी कुणी वाचवायचं. आजी गाठोडं सावरते, कॅप्टन शालच्या डोक्यावर एक पाय ठेवते, जेसीबी वीराच्या डोक्यावर दुसरा, आणि पलीकडे जाते. तिथे बातमीवाला विचारतो, "आजी, तुम्हाला कुणी वाचवलं?" आजी म्हणते, "सरक बाबा, मला कामं हायेत." मी बाजींना म्हटलं, "तुम्ही जबान दिली होती, पाणी काढील त्याच्या हातून आजी निघंल." त्या म्हणाल्या, "दिली होती ना. दोघांनी काढलं, तर दोघांच्या डोक्यावरून काढली. बराबर हाय की."

ह्या वेळी मात्र कॅप्टन शाल आपणच आहोत, असं म्हणत कुणी आलं नाही. फ्लेक्सचं काम घेऊनही कुणी आलं नाही. दोन्ही गटांत वर्षानुवर्षांचं वैर, पण बाजींकडे जायचं नाही यावर त्यांचं एका दिवसात एकमत झालं. पोरं बदनापूरला जाऊन फ्लेक्स करायला लागली. नुसत्या झेरॉक्सवर दुकान चालत नाही. दिवाळीच्या आधी बाजींनी शहागडला बहिणीकडे जायचं ठरवलं. हायवेला ट्रक थांबतात, ट्रकवर नावं आणि मोर काढणारं कुणी तिथे नव्हतं.

त्या निघाल्या तेव्हा मी मोरीपर्यंत गेले. मला खूप बोलायचं होतं. तुम्ही माझ्यासाठी केलं, मी विसरणार नाही, असलं काहीतरी. बाजींनी मला तोंड उघडू दिलं नाही. "भाषण नको करू बिलकुल," म्हणाल्या. "भाषण केलं की शाल द्यावी लागती, अन् माझ्यापाशी न्हाई." मग टेम्पोत कॉम्प्युटरशेजारी बसल्या आणि मोरीतून कोरड्या रस्त्याने निघून गेल्या. कॉम्प्युटरमधलं ते 'भाऊ' नावाचं अंग त्यांनी जायच्या आधी पुसून टाकलं होतं. पण पोरांनी त्याची नक्कल केव्हाच बदनापूरला नेली होती, त्यामुळे ते अंग अजून चौकात हात वर करून उभंच असतं.

मोरीतलं गटार पुढच्याच पावसात परत बुजलं आणि मोरी भरायला लागली; तशीच वाट काढत मी बी.ए. झाले. ह्या उन्हाळ्यात निकाल लागला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला हाताला धरून चौकात नेलं. मला आधी सांगितलं नव्हतं. आळीतल्या पोरांनी माझा फ्लेक्स लावला होता. 'वस्तीची शान'. मागे हेलिकॉप्टर. अंगात काळा गाऊन, डोक्यावर टोपी, आणि गाऊनमधून बाहेर आलेले हात गोरेपान, मनगटावर सोन्याचं घड्याळ. ते हात कुणाचे आहेत देव जाणे. खाली शुभेच्छुकांची रांग. त्यात पहिल्याच जागी भावी भाऊ आणि त्यांच्या शेजारी दादा, दोघंही माझ्याकडे बघून हात वर केलेले. बाबा फ्लेक्सकडे बघत उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मला लाज वाटली, आणि खोटं कशाला लिहू, जरा बरंही वाटलं. इतकं बरं वाटलं की मी घाबरले.

मी फोटो काढून बाजींना पाठवला. वर काही लिहिलं नाही. थोड्या वेळाने त्यांचा व्हॉइस मेसेज आला, त्यात मागे ट्रकचे हॉर्न वाजत होते.

"बघितला गं. मुंडकं बराबर बसलंय, मान लई चांगली जुळवली पोरांनी. बाबांना सलाम सांग. अन् ऐक, फ्लेक्स फाडू देऊ नको कुणाला. पावसाच्या आधी उतरवून नीट घडी घालून ठेव. तुझ्या मागच्या पोरी मोरीतून जायच्या हायेत."